म्हणणं राहू द्या, शब्द मागे घ्या

वाचकाचं पत्र:

ताई, सलाम. आमच्या शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातला एक जण गेली दोन वर्षं येशूविषयी, बायबलविषयी, आम्हा ख्रिस्ती लोकांविषयी काहीबाही टाकत असतो. मी गप्प राहायचो. गेल्या महिन्यात त्याने लिहिलं, 'तुमचा देव स्वतःला वाचवू शकला नाही, तुम्हाला काय वाचवणार?' माझा तोल गेला. मी लांबलचक उत्तर लिहिलं. मुद्दे बरोबर होते, पण शेवटी 'तुझ्यासारख्या आंधळ्या, बिनडोक माणसाला हे या जन्मात कळणार नाही' असंही लिहून गेलो. त्याच्या श्रद्धेची टर उडवणारा एक व्हिडिओही जोडला. मग त्या उत्तराचा स्क्रीनशॉट आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर टाकला. तिथे 'आमेन', 'बरं सुनावलंत' असा पाऊस पडला. मित्र त्याच रात्री ग्रुप सोडून गेला. माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा हाच मित्र अकरा रात्री माझ्यासोबत बाकड्यावर बसला होता. बायको म्हणते, माफी माग. मंडळीतले एक वडील (आमच्यात मंडळीच्या ज्येष्ठ पुढाऱ्याला वडील म्हणतात) म्हणतात, सत्य कडूच असतं, येशूनेही परूश्यांना, त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, सापाची पिल्लं म्हटलंच होतं. मी माफी मागितली तर ती माझ्या विश्वासाची माघार होईल का? आणि यापुढे कुणी असं बोललं तर गप्पच बसायचं का?
– एक वाचक

प्रिय बंधू,

सलाम. तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा अकरा रात्रींपाशी अडखळले. रात्री तुम्ही मोजून ठेवल्या आहेत. ज्याच्यावर एवढा राग आहे त्याच्या नावावर हेही जमा आहे, ते तुम्ही विसरला नाहीत. म्हणजे पत्र टपालात पडण्यापूर्वी निम्मं उत्तर तुमच्याकडेच होतं.

बायकोचं ऐका. खरं तर माझं उत्तर इथे संपतं. पण संपादक मला एवढ्यावर सोडणार नाहीत, आणि तुमच्या मंडळीतल्या त्या वडिलांनाही काहीतरी उत्तर द्यायला हवं.

आधी तो टोमणा. 'स्वतःला वाचवू शकला नाही' हे तुमच्या मित्राने काही नवं शोधून काढलेलं नाही. बायबलमधला मत्तयाचा २७वा अध्याय उघडा. वधस्तंभासमोर उभे असलेले मुख्य याजक आणि शास्त्री नेमकं हेच म्हणतात: दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही. टोमणा जवळजवळ २,००० वर्षांचा आहे, आणि तो जपून ठेवला आपणच. मत्तय, मार्क, लूक, येशूचं चरित्र लिहिणाऱ्या या तिघांनीही लिहून ठेवला. लाज वाटून गाळला नाही की खाली खुलासा जोडला नाही. गुड फ्रायडेला आपण तो उभं राहून मोठ्याने वाचतो. ज्याला उद्देशून तो मारला गेला त्याने त्याला उत्तर दिलं नाही. लूक सांगतो की त्याने त्या माणसांसाठी बापाकडे क्षमा मागितली.

मग तुम्हाला एवढं का झोंबलं? रागावू नका, पण मला वाटतं ते येशूसाठी झोंबलं नाही. शाळेतल्या मित्रांसमोर, चारचौघांत तुम्ही लहान झालात म्हणून झोंबलं. माझंही असंच होतं. अपमान आपला होतो आणि वकीलपत्र आपण देवाचं घेतो.

येशूचा शिष्य पेत्र, त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. गेथशेमाने बागेत येशूला धरायला माणसं आली तेव्हा तलवार उपसून महायाजकाच्या दासाचा उजवा कान उडवणारा हाच. योहानाने त्या दासाचं नावही दिलं आहे, मल्ख. आणि येशूने त्या कानाला हात लावून तो बरा केला, हे एकटा लूक सांगतो. बांधले जाण्यापूर्वी त्या हातांनी केलेलं शेवटचं काम म्हणजे आपल्याच शिष्याने केलेली जखम भरणं. पुढे याच पेत्राने पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया इथल्या विश्वासणाऱ्यांना पत्र लिहिलं. त्या लोकांना दुष्कर्मी म्हणून हिणवलं जात होतं, त्यांच्याविषयी वाटेल ते बोललं जात होतं. त्यांना तो सांगतो, तुमच्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला नेहमी तयार असा. इथवर आपल्याला पाठ असतं. पुढचे शब्द आपण घाईत गिळतो: पण ते सौम्यतेने व भीडस्तपणाने द्या.

'भीडस्तपणाने' हा शब्द मला फार वर्षं खटकायचा. भिडस्त म्हणजे ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याच्या गळ्यात कुणीही काहीही मारावं असा माणूस. 'भीड भिकेची बहीण' हे ऐकत मोठी झालेली मी. देवाचं वचन मला भिकेच्या बहिणीशी सोयरीक करायला का सांगतंय? मग कळलं की मूळ ग्रीक शब्द साधा 'भय' असा आहे. आणि ते भय समोरच्या माणसाचं नव्हे. आदल्याच ओळीत पेत्र म्हणतो की त्यांच्या भयाने भिऊ नका. भय देवाचं. आपण बोलत असताना आणखी कुणीतरी ऐकतं आहे याची जाणीव. खोलीत वडीलधारं माणूस बसलेलं असताना भांडण निघालं तर आपला आवाज आपोआप खाली येतो, शब्द निवडले जातात, मुद्दा मात्र आपण सोडत नाही. ती भीड. आणि 'उत्तर' हा शब्दही मुळात न्यायालयातला आहे, आरोपीने आपली बाजू मांडावी तसा. न्यायासनासमोर उभा असलेला माणूस कुणाला बिनडोक म्हणत नाही. परवडत नाही.

बिनडोकवरून आठवलं. डोंगरावरच्या प्रवचनात येशू 'राका' म्हणणाऱ्याला सावध करतो. शब्द अरामी आहे, अर्थ साधारण 'रिकामा', म्हणजे ज्याच्या डोक्यात काही नाही असा. मत्तय ५:२२. तुमचा शब्द जवळजवळ जसाच्या तसा तिथे आहे. मी असते तर हादरले असते.

आता 'सत्य कडूच असतं'.

शास्त्रात दोन थपडा आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. पहिली योहान १८ मध्ये. महायाजकाच्या प्रश्नाला येशू उत्तर देतो आणि जवळ उभा असलेला शिपाई त्याला चपराक मारतो: महायाजकाला असं उत्तर देतोस? येशू इथे गप्प बसत नाही. दुसरा गालही पुढे करत नाही. (सौम्यता म्हणजे मुकाट मार खाणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर पाहावं.) तो म्हणतो, मी वाईट बोललो असेन तर काय वाईट ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? या वाक्यात एक शिवी नाही आणि शिपायाला एक पळवाट नाही. शिपायाला तो प्रश्न विचारतो, म्हणजे उत्तर देऊ शकणारा माणूस म्हणून त्याच्याशी बोलतो. मारणाऱ्याला इतका मान मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरी थप्पड प्रेषितांची कृत्ये २३ मध्ये. महायाजक हनन्या प्रेषित पौलाच्या तोंडात मारायला सांगतो आणि पौल उसळतो: अरे चुना लावलेल्या भिंती, देव तुला मारील! मुद्दा पौलाचाच बरोबर होता. नियमशास्त्राप्रमाणे न्याय करायला बसायचं आणि नियमशास्त्राविरुद्ध मारायला सांगायचं, हा उघड अन्याय. जवळचे लोक म्हणाले, देवाच्या महायाजकाची निंदा करतोस? पौल लगेच म्हणतो, बंधूंनो, हा महायाजक आहे हे मला ठाऊक नव्हतं. आपल्या लोकांच्या अधिकाऱ्याविरुद्ध वाईट बोलू नकोस असं शास्त्रात आहे. काही जण म्हणतात, यातही पौलाने टोमणाच मारला. असेल. मला तो शब्द मागे घेताना दिसतो. म्हणणं त्याने तसूभरही सोडलं नाही. त्याच सभेत पुढच्या क्षणी तो पुनरुत्थानाविषयी असा बोलला की सभेत दोन तट पडले. शब्द मागे घेतल्याने त्याचं प्रेषितपद गेलं नाही. तुमची साक्षही जाणार नाही.

येशूने सापाची पिल्लं म्हटलं, हे खरं. पण कुणाला? धर्माच्या आसनावर बसलेल्यांना. लोकांच्या खांद्यांवर जड ओझी ठेवणाऱ्या आणि स्वतः बोट न लावणाऱ्यांना. तो त्यांच्यातलाच होता, त्यांच्याच शास्त्रातून बोलत होता, आणि तोंडावर बोलत होता. आपल्या हिशेबाने ते पाळकांना, मंडळीतल्या वडिलांना आणि सल्ल्याची सदरं लिहिणाऱ्यांना बोलणं झालं. बाहेरच्या माणसाशी तो कसा बोलला हे पाहायचं तर शोमरोनी, म्हणजे परक्या समाजातल्या, त्या बाईकडे पाहा. तिच्या होऊन गेलेल्या पाच नवऱ्यांचा विषय त्याने टाळला नाही. पण सुरुवात 'मला प्यायला दे' अशी केली, तिच्याकडे काहीतरी मागून. आणि तो सापाच्या पिल्लांचा अध्याय संपतो कुठे? यरुशलेमेकडे पाहत, कोंबडी पिल्लं पंखांखाली घेते तशी तुझी मुलं गोळा करायची माझी कितीदा इच्छा होती, या वाक्यापाशी. ज्यांना तो अध्याय वापरायचा आहे त्यांनी शेवटपर्यंत वापरावा. तुमचं उत्तर पाठवून झाल्यावर त्या मित्रासाठी तुमचा गळा दाटून आला होता का? मला वाटतं, तुम्ही आमेन मोजत होतात.

त्या आमेनांविषयी एवढंच म्हणते की त्यातला एकही माणूस तो नव्हता ज्याच्यासाठी उत्तर लिहिलं होतं.

माझी गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत उपासनेची वेळ बदलायची की नाही यावर बैठक होती. मी बदलाच्या बाजूने; मुद्दे कागदावर क्रमाने लिहून आणलेले. एक वृद्ध गृहस्थ पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारत होते. तिसऱ्यांदा विचारला तेव्हा मी म्हणाले, 'कळत नसेल तर निदान गप्प तरी बसा.' खोली एकदम शांत झाली. त्यांनी कानामागच्या यंत्राला बोट लावलं, मान थोडी माझ्याकडे कलती केली आणि म्हणाले, 'काय म्हणालात बाई? जरा परत सांगता?'

मला परत सांगता येईना. तेच सात शब्द, सावकाश, मोठ्याने, त्यांच्या डोळ्यांकडे बघत. एरवी माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या दिवशी जीभ उचलेना. 'काही नाही, पुढच्या मुद्द्यावर येऊ या,' असं पुटपुटले आणि हातातला कागद उगाच खालीवर केला.

तेव्हापासून रागात काही बोलायची वेळ आली की मी स्वतःला एवढंच विचारते: समोरच्याने 'परत सांगता?' म्हटलं तर मला हे हळू आणि मोठ्याने परत म्हणता येईल का? 'तुझं हे म्हणणं मला चुकीचं वाटतं आणि ते मला लागलं' हे दहा वेळा म्हणता येतं. 'तुझ्यासारखा आंधळा' हे एकदाच, तेही तोंडातून सुटून जातं म्हणून. आणि फोन आपल्याला परत म्हणायला लावत नाही, घात होतो तो तिथेच. कान कापून पेत्राला अंधारात पळून जाता आलं. बाण दाबला की आपल्यालाही फोन उपडा ठेवून झोपता येतं.

तुमच्या वाक्यात आंधळा आणि बिनडोक यांच्याहून वाईट शब्द मला 'तुझ्यासारख्या' हा वाटला. शिवी एका माणसाला लागते. 'तुझ्यासारखे' म्हटलं की तो माणूसच नाहीसा होतो आणि त्याच्या जागी घोळका उभा राहतो. मग घोळक्याला काहीही म्हणता येतं. 'तुम्ही लोक', 'हे असलेच', 'यांना ना एकदा'. मराठीत रागाचा पहिला सुगावा सर्वनामात लागतो. अहो-जाहोचं अरे-तुरे झालं की कुणालाही कळतं. उलटंही होतं: जिवाभावाच्या मित्राला अचानक 'आपण फार मोठे विद्वान' असं कुणी म्हणू लागलं तर तो मान मारण्यासाठी बाहेर काढलेला आहे, हे ओळखावं. त्यामुळे सभ्य शब्द वापरले म्हणजे आदर झाला, असं मी म्हणणार नाही. अतिशय शुद्ध, व्याकरणात बसलेल्या वाक्यांनी माणसं कापलेली मी पाहिली आहेत, चर्चच्या पायऱ्यांवर. याकोब आपल्या पत्रात जिभेवर अर्ध्याहून अधिक अध्याय खर्च करतो, आणि त्याची तक्रार हीच आहे की या एकाच जिभेने आपण देवाला धन्यवाद देतो आणि देवाच्या प्रतिमेने घडवलेल्या माणसांना शाप देतो. दवाखान्याच्या बाकड्यावर अकरा रात्री बसलेला माणूस 'तुझ्यासारख्या'मध्ये कसा मावला, हे तुम्हीच स्वतःला विचारा.

व्हिडिओ तुम्ही जाता जाता सांगितलात. मला तो सगळ्यात गंभीर वाटतो.

पौल इफिसात दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. अर्तमी देवीचं मंदिर हा त्या शहराचा अभिमान होता आणि पोटापाण्याचा धंदाही. हातांनी केलेले देव हे देव नव्हेत, असं पौल तिथे उघड सांगत होता, लपवाछपवी नव्हती. चांदीचे देव्हारे करणाऱ्या देमेत्रियाने कारागिरांना चिथवलं आणि बघता बघता शहर नाट्यगृहात घुसलं. त्या नाट्यगृहाचे अवशेष अजून उभे आहेत, सुमारे २५,००० माणसं मावतील एवढे. लूक लिहितो की बहुतेकांना आपण कशासाठी जमलो आहोत हेच ठाऊक नव्हतं. (रात्री अकरानंतर कुठल्याही ग्रुपवर हेच चित्र असतं.) दोन तास एकच घोषणा चालली होती. शेवटी शहराच्या एका अधिकाऱ्याने जमावाला शांत केलं. तो काही विश्वासणारा नव्हता. देवीचा भक्तच म्हणा. तो म्हणाला, तुम्ही धरून आणलेली ही माणसं मंदिर लुटणारी नाहीत आणि आपल्या देवीची निंदा करणारीही नाहीत.

हे मी कितीही वेळा वाचलं तरी थांबते. मूर्तिपूजेविरुद्ध उघड बोलणाऱ्या माणसाच्या सोबत्यांना मूर्तिपूजकाने दिलेला हा दाखला. पौलाला राग येत नव्हता असं नाही. अथेन्समध्ये मूर्तींनी भरलेलं शहर पाहून त्याचा जीव खवळला होता, असं लिहिलेलं आहे. तरी तिथे तोंड उघडलं ते, तुम्ही सर्व बाबतींत फार धर्मशील आहात, असं म्हणत. आणि पुढे दाखला दिला तो त्यांच्याच एका कवीचा. आणखी एक. इफिसातल्या नव्या विश्वासणाऱ्यांनी जादूटोण्याची पुस्तकं जाळली, ५०,००० रुप्याच्या नाण्यांच्या किमतीची. पण ती स्वतःची होती. शेजाऱ्याच्या घरात शिरून कुणी काही आणलं नव्हतं.

गेल्या महिन्यापर्यंत तुमच्या शाळेच्या ग्रुपवरही कुणीतरी तुमच्याविषयी तो दाखला देऊ शकला असता.

तेव्हा आता करायचं ते असं. आधी व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट जिथून काढता येतील तिथून काढा. मग मित्राला फोन करा. लिहू नका, फोन करा. लिहिलेली माफी आपण घोटून घोटून इतकी गुळगुळीत करतो की शेवटी तीही आपली बाजूच मांडायला लागते. फोनवर फार बोलू नका. 'मी तुला आंधळा आणि बिनडोक म्हटलं, तुझ्या श्रद्धेची टर उडवली. हे मी करायला नको होतं. मला माफ कर.' इथे थांबा. 'पण तूही' हे शब्द घशाशी येतील, ते गिळा. 'तुला वाईट वाटलं असेल तर' हेही नको. वाईट वाटलं आहे, म्हणून तर तो गेला. दवाखान्यातल्या रात्रींची आठवण काढायची तर काढा, पण लाच म्हणून नको. त्याने फोन उचलला नाही तर हेच तीन वाक्यांत लिहून पाठवा आणि त्याच्या दाराशी ठाण मांडून बसू नका. क्षमा करणं, न करणं आता त्याच्या हातात आहे. तो ग्रुपवर परत येईल, टोमणे थांबवेल, येशूविषयी ऐकून घेईल, यातलं काहीही होईलच असं नाही. त्यासाठी माफी मागायची असेल तर मागूच नका.

अपमान चारचौघांत केलात, तेव्हा शाळेच्या ग्रुपवरही दोन ओळी लिहा. आणि मंडळीच्या ग्रुपवरही. ते तुम्हाला सगळ्यात जड जाईल, कारण तिथे तुम्ही शूर ठरला आहात. 'मी इथे टाकलेल्या उत्तरात मित्राला अपशब्द वापरले होते. येशूवरचा माझा विश्वास आहे तोच आहे. ते शब्द मी मागे घेतो. स्क्रीनशॉट कुणी पुढे पाठवला असेल तर कृपया काढून टाका.' कुणीतरी 'अहो, कशाला एवढं' म्हणेल. कुणी काहीच म्हणणार नाही. आमेन फारसे येणार नाहीत.

विश्वासाची माघार होईल का, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या विश्वासातलं कोणतं वाक्य 'बिनडोक' या शब्दावर उभं होतं? तो शब्द काढला तर प्रेषितांच्या मतांगिकारातली, आपल्या श्रद्धेच्या कबुलीतली, कोणती ओळ पडते? पडत नसेल तर निर्धास्त राहा.

यापुढे गप्प बसायचं का? नाही. आणि मला तुमच्या त्या दोन वर्षांबद्दलही बोलायचं आहे. ती सौम्यता नव्हती हो, साठवण होती. पहिल्याच आठवड्यात त्याला बाजूला घेऊन 'तू जे टाकतोस ते मला लागतं, आपण एकदा बोलू या का?' असं म्हणाला असतात तर एवढी वाफ कोंडली नसती. भाऊ चुकला तर जा आणि दोघेच असताना त्याला सांग, असं येशू मत्तय १८ मध्ये म्हणतो. ते मंडळीतल्या भावाविषयी आहे, पण मित्राशी तसं वागायला कुणाची बंदी नाही.

प्रत्येक पोस्टला उत्तर द्यायचं असंही नाही. नीतिसूत्रांच्या २६व्या अध्यायात चौथं वचन म्हणतं, मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नकोस, नाहीतर तू त्याच्यासारखा होशील. आणि लगेच पाचवं म्हणतं, दे, नाहीतर तो स्वतःच्या दृष्टीने शहाणा ठरेल. विसंगती म्हणून लोक हे दाखवतात. मला उलट दिलासा वाटतो, की शलमोनाच्या पुस्तकालाही याचा एकच नियम बांधता आला नाही. त्याच अध्यायात सतरावं वचन आहे: दुसऱ्याच्या भांडणात पडणं म्हणजे जाणाऱ्या कुत्र्याचे कान धरणं. हे मी फोनच्या मागे चिकटवून ठेवावं म्हणते. आणि येशू हेरोद या मांडलिक राजासमोर एक शब्दही बोलला नाही, कारण हेरोदाला उत्तर नको होतं, चमत्कार बघायचा होता. तुमच्या मित्राला उत्तर हवं आहे की तमाशा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळेल. (डुकरांपुढे मोती टाकू नका हे वचन अशा वेळी मनात ठेवायचं, कुणाला पाठवायचं नाही. मी पाठवलेलं पाहिलं आहे.)

आदर राखणं म्हणजे हक्क सोडणं, असंही समजू नका. फिलिप्पै शहरात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय फटके मारून तुरुंगात टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून देऊ लागले तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. त्यांना यावं लागलं. कुणी धमकी दिली, जिवावर उठलं, तर रीतसर तक्रार करा. सहीपूर्वी कागदात कुठे 'तुझ्यासारखे' आलंय का, तेवढं बघा.

आणि रात्रीची उत्तरं बंद. राग असताना सूर्य मावळू देऊ नका, या इफिसकरांच्या पत्रातल्या वचनाचा आधार घेऊन लोक झोपण्यापूर्वी उत्तर पाठवून मोकळे होतात. राग सोडायला सांगितलं आहे, समोरच्यावर सोडायला नाही. जे लिहायचं ते फोनच्या टिपणवहीत लिहा, म्हणजे चुकून बाण दाबला जाणार नाही. सकाळी बायकोला मोठ्याने वाचून दाखवा. तिचं कान देणं तुम्हाला परवडण्यासारखं आहे.

त्या वृद्ध गृहस्थांचं राहिलंच. नऊ दिवस मी टाळाटाळ केली आणि दहाव्या दिवशी त्यांच्याकडे गेले. म्हटलं, 'त्या दिवशी तुम्हाला ऐकू आलं नाही ते सांगायला आले आहे,' आणि ते सात शब्द सांगितले, आणि माफी मागितली. ते म्हणाले, 'ऐकू आलं होतं मला तेव्हाच. तुम्हाला परत म्हणता येतं का ते बघत होतो.' मग त्यांनी आपला प्रश्न चौथ्यांदा विचारला, आणि मी तो पहिल्यांदा ऐकला. पुढे मतदान झालं. मी बदलाच्या बाजूने मत दिलं, त्यांनी विरोधात. वेळ बदलली, आणि नव्या वेळेला ते सगळ्यांच्या आधी येऊन पुढच्या बाकावर बसू लागले.

फोन केलात की मला दोन ओळी टाका. तो काय म्हणाला ते तुम्हा दोघांतच राहू द्या.

तुमची,
ताई